जुनी स्पोर्ट्स कार खोलण्याआधी या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार दारात येते आणि पहिल्याच सुट्टीच्या दिवशी तिची दारं, सीटा, डॅशबोर्ड, बंपर सगळं सुटून भिंतीला टेकलेलं असतं. काम सुरू झालं म्हणून मालक खूश असतो. मला मात्र ते पाहून धास्ती वाटते. अशा कितीतरी गाड्या पुढे अर्धवट, खोक्यांत भरून दुसऱ्याला विकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आधी कोणी काय दुरुस्ती केली हे माहीत नसेल, तर त्या गाडीबद्दलचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जोडलेली गाडीच. दाराची फट कुठे रुंदावली आहे, कुठला बोल्ट नवा आहे, कुठली वायर कुठून आली आहे, हे ती जोडलेली असतानाच कळतं. खोलली की पुरावा गेला. म्हणून पहिले काही दिवस मी पान्याला हात लावत नाही. वही, टॉर्च, चुंबक आणि कॅमेरा एवढंच घेऊन बसतो.

बोल्टांकडे नीट बघा. एमजीबीसारख्या (१९६२ ते १९८०) ब्रिटिश गाडीत बहुतेक आटे इंची असतात. ५/१६ इंची बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. तिथे १३ चा पाना चपखल बसला, तर तो बोल्ट ८ मिलिमीटरचा आहे आणि नंतर कोणीतरी घातलेला आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे तो जोर लावून आत जातो आणि मूळ आटे खाऊन टाकतो. असा बोल्ट दिसला की मी त्यावर रंगाचा ठिपका देतो आणि त्याच्या आसपासचं सगळं काम संशयाने तपासतो.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती: सिल कापण्याची घाई. सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची लांब पेटी. वेगळी चासी नसलेल्या, छप्पर नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग एका रेषेत ठेवण्याचं बरंचसं काम या दोन पेट्याच करतात. गंज दिसला, नवा सिल मागवला, ग्राइंडर चालवला, इतकं ते सोपं नाही.

माझ्या ओळखीच्या एकाने एमजीबी रोडस्टर घेतली होती. बाहेरून सिल अगदी गुळगुळीत. चुंबक लावला तर तो चिकटेचना. खरवडल्यावर पुट्टीचा जाड थर निघाला, त्याखाली गंजलेल्या सिलवरच चढवून वेल्ड केलेला दुसरा पत्रा, आणि आतली उभी पट्टी जवळजवळ संपलेली. सिल बदलायचा निर्णय बरोबरच होता. पण त्याने दारं आधीच उतरवली होती, इंजिन जागेवर होतं आणि गाडी पुढच्या व मागच्या टोकाला स्टँडवर उभी होती. दोन्ही बाजूंचे सिल त्याने एकदमच कापले. गाडीचा मधला भाग खाली बसला, आणि दारंच नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नवे सिल त्याने फार सुबक वेल्ड केले. मग दारं लावायला घेतली, तर ती लॅचच्या खांबावर आदळायला लागली. ते सगळं वेल्डिंग पुन्हा कापावं लागलं. ते कापायला मीही गेलो होतो. चांगल्या हाताने केलेलं काम असं वाया जाताना बघवत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. दारं जागेवरच राहतात. बिजागरीच्या खांबापासून लॅचच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी पाइपचा आधार पक्का होतो. दाराच्या फटी ठिकठिकाणी मोजून वहीत लिहिल्या जातात. एका वेळी एकच बाजू, आणि पक्कं वेल्ड करण्याआधी दरवेळी दार लावून बघायचं. गाडी विकत घेतानाही एक चाचणी करता येते: जॅकने एक बाजू उचला आणि दार उघडून बंद करा. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडत असेल, तर सिल भार पेलत नाहीत.

चुंबक साधा, कमी ताकदीचा घ्या आणि फडक्यात गुंडाळा. जोरदार चुंबक पुट्टीच्या थरातूनही चिकटतो. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असे, तिथे चुंबक चिकटला नाही तर घाबरू नका.

दुसरी चुकीची सवय वायरिंगमधली. एखादा दिवा लागत नाही म्हणून बॅटरीपासून थेट नवी वायर ओढायची. आधीच्या मालकानेही हेच केलेलं असतं, आणि म्हणूनच डॅशबोर्डखाली तो गुंता झालेला असतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगांना अर्थ आहे: तपकिरी म्हणजे बॅटरीतून फ्यूजशिवाय आलेली, पांढरी म्हणजे इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी, हिरवी तीच पण फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम जिवंत आणि फ्यूजमधली, काळी अर्थिंगची. गाडीच्या वायरिंगच्या नकाशात न सापडणारी प्रत्येक वायर नंतरची समजा आणि तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत बॅटरी जोडू नका. दिवे मंद असतील तर नव्या वायरीआधी अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ करा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

फ्यूजबद्दल तर मी प्रत्येकाला सांगतो. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ अँपियर हा आकडा तो ज्या करंटला उडतो त्याचा आहे. सतत तो १७ अँपियरच वाहून नेतो. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असेल तर तो सतत ३५ वाहून नेतो. तो घातला तर फ्यूजच्या आधी वायर जळते. शिवाय १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं धन टोक अर्थिंगला असे. नंतर कोणी ते उलटवलं आहे का, हे तपासल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओ जोडू नका.

‘एकदा सुरू करून बघू’ हा हट्ट सोडा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारायचा नाही, ढकलून तर अजिबात नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, थांबा, मग हाताने फिरवा. मोकळं फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा कमी आला तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा: वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये.

इंजिनाखालचा ऑइल पॅन उतरवून तेलाची गाळणी बघा. जोड बंद करायला सढळ हाताने फासलेल्या सिलिकॉनच्या गुठळ्या तिथेच अडकतात.

टायरची नक्षी कितीही चांगली असो, त्याच्या बाजूवरची तारीख वाचा: २३०९ म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर रस्त्यावर जाऊ नका.

ब्रेक ऑइल नुसतं वरून भरू नका. आत कुठलं आहे माहीत नसताना डॉट ४ या नेहमीच्या प्रकारात सिलिकॉनचं डॉट ५ पडू शकतं, आणि ती दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं आहे, नावामुळे गोंधळू नका. मी जुनं सगळं काढून टाकतो आणि रबरी होस न तपासताच बदलतो. त्या आतून फुगतात, बाहेरून नव्या दिसतात, आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवतात. गाडी अंगणात दहा फूट पुढे घ्यायची असली, तरी हे काम त्याआधी.