नागपूर–मुंबई: अंतर आणि विमानाला लागणारा वेळ वहीत कसा काढायचा

नागपूर ते मुंबई किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कशाने? रेल्वेने साधारण 840 किलोमीटर, समृद्धी महामार्गाने 701 आणि विमानाच्या सरळ रेषेत 680च्या आसपास. पहिले दोन आकडे छापलेले सापडतात. तिसरा मी वर्गात मुलांकडून काढून घ्यायचे.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नागपूरचा सोनेगाव विमानतळ 21.1 उत्तर, 79.05 पूर्व. मुंबईचा सांताक्रूझकडचा जुना विमानतळ 19.1 उत्तर, 72.87 पूर्व. अक्षांशांत फरक 2 अंशांचा. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणून 222. रेखांशांत फरक 6.18. मुलं इथेच चुकायची, कारण तिथेही सरळ 111नेच गुणायची. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे 20 अक्षांशावर 111ला 0.94ने गुणावं लागतं, म्हणजे 104.3. त्याला 6.18ने गुणलं की 645. आता पायथागोरस: 222 आणि 645 यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, 682. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद, जबलपूरची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. हे गणित आल्यावर मुलं तो खांब वेगळ्याच नजरेने बघायची.

लंडनसारख्या लांबच्या शहराला ही रीत लावू नका. तिथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजा.

वेळेसाठी अंतराला ताशी 800ने भागा. 51 मिनिटं येतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं यांची 35-40 मिनिटं मिळवा, की दीड तास होतो. वेळापत्रकातही जवळपास तेवढाच असतो. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच चालतो, म्हणून गर्दीत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे नागपूरला परतताना पाच-सात मिनिटं वाचतात.

पण दीड तास म्हणजे प्रवास नव्हे. भाचीचं लग्न डोंबिवलीला, मुहूर्त 12 वाजून 15 मिनिटांचा. विमान 11 वाजता उतरणार, सव्वा तास हातात, असा मी हिशेब केला होता. हॉलवर पोचले तेव्हा पायरीवर अक्षता विखुरलेल्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती. बहिणीच्या तोंडाकडे बघवेना.

तेव्हापासून मी उलटं मोजते. साडेअकराला हॉलवर हवं, तर टॅक्सीचे दोन तास वजा, साडेनऊ. बॅग हातात यायला अर्धा तास, म्हणजे 9ला उतरणारं विमान. ते इथून साडेसातला निघणार. बॅग देण्याचा काउंटर सहसा तासभर आधी बंद होतो, म्हणून 6ला विमानतळावर. मानेवाड्याहून सव्वापाचला घर सोडायचं.

आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे आधी बघा आणि टॅक्सीचा वेळ त्याप्रमाणे धरा.