कॅलिकोची पिल्लं कॅलिकोच का निघत नाहीत?

घरी गोल्डफिशची पैदास करायला निघालेले बरेच जण कॅलिकोची, म्हणजे रंगीबेरंगी ठिपक्यांच्या आणि काहीच खवले चमकणाऱ्या गोल्डफिशची, देखणी जोडी आणतात, आणि पिल्लं जरा मोठी झाली की दुकानदाराने फसवलं म्हणून कुरकुरतात. फसवलेलं नसतं. कॅलिको हे रूपच असं आहे की ते शुद्ध करता येत नाही.

सगळा खेळ ग्वानिनचा. खवल्यांखालच्या पेशींत या पदार्थाचे स्फटिक असतात, म्हणून मासा चकाकतो. आरशामागचा पारा म्हणा ना. जनुकाच्या दोन्ही प्रती चकाकीच्या असल्या तर मासा मेटॅलिक. दोन्ही बिनचकाकीच्या असल्या तर मॅट: गुलाबट अंग, झाकणातून दिसणारे लाल कल्ले, काळेभोर डोळे. मॅटला खवलेच नसतात असं सर्रास सांगतात, ते खोटं. खवले सगळे असतात, पारा तेवढा नसतो. आणि एकेक प्रत आली की कॅलिको. चिनी प्राणिशास्त्रज्ञ शिसान चेन यांनी १९२८ मध्येच संकर करून हे दाखवलं होतं.

म्हणून कॅलिको-कॅलिको जोडीतून साधारण पाव मेटॅलिक, अर्धी कॅलिको, पाव मॅट. कॅलिको-मेटॅलिकमधून निम्मी-निम्मी. गंमत पुढे आहे: मेटॅलिक आणि मॅट एकत्र केले की सगळीच्या सगळी पिल्लं कॅलिको! नवखे ज्या फिक्या मॅटला टाकाऊ समजतात तोच माझ्या लेखी सर्वात कामाचा मासा. तो नाजूक निघतो अशी पैदासकारांची तक्रार असते, तेव्हा एखादा जोमदार, चांगल्या रंगाचा मॅट आवर्जून राखावा.

अर्थात सगळी कॅलिको म्हणजे सगळी सुंदर नव्हेत. हे जनुक चकाकी ठरवतं, रंग नाही. शुबंकिन या कॅलिको जातीचा तो प्रसिद्ध निळा म्हणजे त्वचेत खोलवर असलेला काळा रंग. वर पारा नसला तरच तो निळा भासतो. पांढरट मेटॅलिक वापरलात तर पिल्लंही पांढरटच निघायची.

प्रमाण पडताळायचं असेल तर एक नर, एक मादी वेगळी काढा. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे बारीक ठिपके येतात, त्यावरून तो ओळखू येतो. अंडी चिकटली की मोठे मासे लगेच हलवा, नाहीतर तेच खातील. मोजणी छाटणीच्या आधी करा. लहान मेटॅलिक पिल्लं मळकट हिरवट असतात, सोनेरी व्हायला महिने लागतात, म्हणून तीच आधी फेकली जातात आणि हिशेब बिघडतो. मॅट आणि कॅलिकोत गोंधळ झाला तर बॅटरीच्या उजेडात बघा. एखादा जरी खवला चमकला तरी कॅलिको.

पर्लस्केलला, म्हणजे मोत्यांसारख्या फुगीर खवल्यांच्या गोल्डफिशला, मात्र हा हिशेब लावू नका. तिथला फुगवटा कॅल्शियमच्या थराचा, त्याचा चकाकीशी संबंध नाही. मेटॅलिक पर्लस्केलही असतो, कॅलिकोही.