निविदेत अपात्र ठरल्यावर आव्हान देताय? या चुका टाळा

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये रस्ते, घाट, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांच्या निविदा मोठ्या संख्येने निघत आहेत, आणि त्याच प्रमाणात तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या छाननीतच, बाद झालेल्या ठेकेदारांची नाराजीही वाढते आहे. यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात. तरीही खरी तक्रार न्यायालयात टिकत नाही, याचे कारण पुष्कळदा पहिल्या आठवड्यात झालेल्या किंवा न झालेल्या पत्रव्यवहारात सापडते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘माझा दर सर्वांत कमी होता’ या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवणे. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पहिल्या लिफाफ्यात अपात्र ठरलेल्याचा दुसरा, म्हणजे दराचा आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही. त्यामुळे जो दर कोणी पाहिलेलाच नाही, त्याच्या आधारावर शासनाचे नुकसान झाले असे सांगता येत नाही. शिवाय निविदेच्या निर्णयावर न्यायालय अपील ऐकत नसते. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, न्यायालय निर्णय कसा घेतला गेला हे तपासते, निर्णय शहाणपणाचा होता का हे नाही. जगदीश मंडल प्रकरणात २००६ साली त्यासाठी दोन प्रश्न ठरवून दिले गेले: प्रक्रिया दुष्ट हेतूने, कोणाच्या तरी मर्जीसाठी किंवा मनमानीने राबवली गेली का, आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा पोहोचते का. निविदेतील अटीचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार निविदा काढणाऱ्याचाच असतो, असे ॲफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या २०१६ च्या निकालात म्हटले आहे. म्हणजे ‘अटीचा माझा अर्थही शक्य आहे’ एवढे दाखवून भागत नाही; खात्याने लावलेला अर्थ सरळसरळ चुकीचा, विकृत किंवा दुष्ट हेतूचा आहे, हे दाखवावे लागते.

मग चालते काय? समान वागणुकीचा मुद्दा. स्वतः लिहिलेली अट शासकीय संस्थेवरही बंधनकारक असते, हे रमणा दयाराम शेट्टी प्रकरणापासून, म्हणजे १९७९ पासून, मान्य झालेले तत्त्व आहे. बंशीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल या २०२४ च्या प्रकरणात एका निविदाकाराला कागदपत्रांतील त्रुटीवरून बाहेर काढले गेले आणि यशस्वी निविदाकाराच्या त्रुटींकडे मात्र डोळेझाक झाली, असे आढळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणून आपल्या कागदांबरोबरच पात्र ठरलेल्यांचे कागदही बारकाईने पाहावेत: काम पूर्णत्वाचे दाखले, सनदी लेखापालाचे उलाढालीचे प्रमाणपत्र, निविदा क्षमतेचे (ठेकेदार आणखी किती काम पेलू शकतो याचे) गणित, डांबर मिश्रणाच्या हॉटमिक्स किंवा तयार काँक्रीटच्या आरएमसी प्लांटच्या मालकीचे अथवा भाडेकराराचे कागद. जी अट तुम्हाला काटेकोरपणे लावली, तीच इतरांना सैल लावली गेली असेल, तर प्रकरणात जीव आहे असे समजावे.

याच्या उलट, ‘किरकोळ त्रुटी होती, माफ करायला हवी होती’ असे म्हणत पोद्दार स्टीलचा १९९१ चा निकाल पुढे करण्याची सवय खात्याकडे दिलेल्या जवळजवळ प्रत्येक अभिवेदनात (लेखी म्हणण्यात) दिसते. त्या प्रकरणात बयाणा रकमेबाबतची (निविदेसोबत भरायच्या अनामतीबाबतची) दुय्यम अट खात्यानेच शिथिल केली होती आणि न्यायालयाने ती शिथिलता वैध ठरवली. शिथिल करण्याचा अधिकार खात्याला आहे, याचा अर्थ ती मागण्याचा हक्क ठेकेदाराला आहे असा होत नाही. हा फरक लक्षात न घेता लिहिलेले अभिवेदन एका ओळीत फेटाळले जाते. मुदत संपल्यानंतर नवा दाखला जोडून ‘हा आता विचारात घ्यावा’ असे लिहिणेही तितकेच घातक असते. त्यातून मूळ निविदेत तो दाखला नव्हता याची कबुलीच दिली जाते. मूळ निविदेत जोडलेला कागद खात्याने पाहिलाच नसेल, तर नवा कागद न जोडता महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरील पोचपावती आणि अपलोड केलेल्या फाइलचा पृष्ठक्रमांक द्यावा.

दुसरी मोठी चूक कारणांबाबतची. संकेतस्थळावर ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’ एवढाच शेरा दिसतो आणि ठेकेदार कार्यकारी अभियंत्यांच्या दालनात जाऊन तोंडी कारण ऐकून येतात. तोंडी कारणाला किंमत नाही. त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे, मूल्यमापन समितीचा अहवाल आणि नेमकी कोणती अट पूर्ण झाली नाही हे मागावे, आर्थिक लिफाफे तोपर्यंत उघडू नयेत अशी विनंती करावी, आणि पत्राच्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का घ्यावा, ई-मेलही पाठवावा. एकदा लेखी कारण मिळाले की खाते त्याला बांधले जाते: मोहिंदरसिंग गिल प्रकरणापासून (१९७८) आदेशातील कारणांत नंतर प्रतिज्ञापत्राद्वारे भर घालता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करावा, परंतु त्याचे उत्तर येण्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि तोवर कार्यारंभ आदेश निघालेला असू शकतो, हे विसरू नये. जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी संकेतस्थळावरील निविदांत तर अभिवेदनाची मुदत तासांतच मोजावी लागते.

अटच अन्यायकारक असेल, उदाहरणार्थ कार्यस्थळ पाहणीचा दाखला विशिष्ट अधिकाऱ्याकडूनच आणण्याची सक्ती असेल, तर तिच्यावरचा आक्षेप निविदापूर्व बैठकीत किंवा त्याआधी लेखी नोंदवावा. अट मान्य करून भाग घ्यायचा, आणि बाद झाल्यावर ती बेकायदा म्हणायची, हे न्यायालयाला सहसा पटत नाही.

न्यायालय निवडतानाही गोंधळ होतो. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठाच्या अखत्यारीत येतो. शेजारचे धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे मात्र छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे आहेत. त्यामुळे जळगावच्या कामात अपात्र ठरलेल्या नाशिकच्या ठेकेदाराने आपले कार्यालय नाशिकला आहे म्हणून मुंबईला धाव घेण्यात अर्थ नाही. जिल्हा न्यायालयात शासनाविरुद्ध दिवाणी दावा करायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आड येते. ती नोटीस टाळण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागता येते, पण संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयातील रिट याचिका हाच रुळलेला मार्ग आहे. याचिकेत यशस्वी निविदाकाराला प्रतिवादी करणे राहून गेले, तर त्याला ऐकल्याशिवाय त्याचे काम रद्द करता येणार नाही, एवढ्याच मुद्द्यावर याचिका अडकते.

आणि उशीर. कार्यारंभ आदेश निघून खडी पडू लागल्यावर स्थगिती मिळणे अवघड असते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ साली आलेल्या तरतुदीनुसार पायाभूत प्रकल्पांना अडथळा येईल असा मनाई हुकूम देता येत नाही, आणि एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा वादांत स्थगितीऐवजी नुकसानभरपाईकडे बोट दाखवले. ठरलेल्या तारखेला भरणाऱ्या सिंहस्थाच्या कामांत हा युक्तिवाद सरकारी वकील पहिल्याच सुनावणीत मांडतील, हे गृहीत धरूनच चालावे. याचिका प्रलंबित असताना आदेश निघाला, तर याचिकेत दुरुस्ती करून त्यालाही आव्हान द्यावे लागते.

अपात्रतेबरोबर काळ्या यादीची किंवा बयाणा रक्कम जप्त करण्याची भाषा पत्रात असेल, तर तो स्वतंत्र विषय मानून त्याला स्वतंत्र उत्तर द्यावे. गोरखा सिक्युरिटी प्रकरणानुसार (२०१४) काळ्या यादीत टाकण्याचा विचार असल्याचे कारणे दाखवा नोटिशीतून स्पष्टपणे कळायला हवे. ती नोटीस न देता काढलेला आदेश रद्द होऊ शकतो. पण त्याला आव्हानच दिले नाही, तर पुढच्या प्रत्येक निविदेतील प्रतिज्ञापत्रात तो आदेश जाहीर करावा लागतो, आणि लपवला तर तेच अपात्रतेचे नवे कारण होते.