वस्तऱ्याने दाढी: हनुवटीखालचे खुंट कसे गेले

घडीचा वस्तरा वापरायला लागलो तेव्हा गाल मस्त व्हायचे, पण हनुवटीखाली हात फिरवला की खुंट लागायचेच. खरी भानगड फेसात निघाली. आमच्याकडे जळगावला बोरचं पाणी जड, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस धड होत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की जो काही फेस असतो तो गालावरच वाळतो. आता फिल्टरचं पाणी कोमट करून घेतो, ब्रशने फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत घोळतो आणि एका वेळी अर्धाच चेहरा माखतो, कूलरसमोर तर अजिबात बसत नाही.

दुसरं म्हणजे मानेवरचे केस. बोटं फिरवून बघा, बऱ्याच जणांचे तिथे आडवे नाहीतर वरच्या दिशेने वाढलेले असतात. पहिला हात केसांच्या दिशेने, परत फेस लावून दुसरा आडवा. कातडी ताणून धरायची, वस्तरा साधारण ३० अंशात, दाब द्यायचाच नाही. उलटा हात मी मारत नाही, केस आत वाढतात न् पुटकुळ्या येतात.

आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना त्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड बाजू, पुढे, धार मागे, पलटवायचा तोही पाठीवरूनच भाऊ, नाहीतर धार बोथट होते आणि पट्टाही कापला जातो.