जुनाट आजारासाठी ऑनलाइन डॉक्टर: कॉलच्या आधी, कॉलवर आणि दोन कॉलच्या मधे काय करायचं

डायबेटीस, बीपी, दमा, हार्टचा त्रास असे आजार वर्षानुवर्षं सोबत राहतात आणि व्हिडिओ कॉल असतो दहा-पंधरा मिनिटांचा, त्यामुळे खरं काम कॉलच्या बाहेरच होतं. ॲप कुठलं घ्यायचं यावर लोक फार डोकं खपवतात, ते सोडा.

आधी ठरवा की तुमचा मेन डॉक्टर कोण. शुगरचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि एकमेकांनी काय दिलंय ते कुणालाच माहीत नाही, ऑनलाइनमधे हे जास्तच होतं कारण नवीन डॉक्टर एका क्लिकवर मिळतो. समजा गुडघे दुखतात म्हणून एकाने डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर दिली. या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, किडनीवरही ताण येतो. आता बीपीवाल्या डॉक्टरला ती गोळी माहीतच नसेल तर तो बिचारा बीपीचा डोस वाढवणार, दुसरं काय करणार? म्हणून सगळी प्रिस्क्रिप्शन्स आणि रिपोर्ट्स एकाच डॉक्टरच्या नजरेखालून जायला हवीत, मग तो साधा फॅमिली डॉक्टर का असेना.

मग घरातली सगळी औषधं टेबलावर काढा. सगळी म्हणजे इन्हेलर, डोळ्यांचे थेंब, व्हिटॅमिन्स, जडीबुटीच्या गोळ्या, कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेली पावडर पण. प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेलं ब्रँडचं नाव असतं आणि शिवाय आतल्या औषधाचं, ते औषधाचं वाचायचं. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपमधे एकच औषध निघालं तर तुम्ही डबल डोस घेताय, लगेच डॉक्टरला विचारा. कॉलवर स्ट्रिप्स कॅमेऱ्यासमोर एकेक धरून दाखवा, आणि एखादी गोळी परस्पर बंद केली असेल तर तेही सांगून टाका.

आता रीडिंग्ज. कॅमेऱ्यातून डॉक्टर तुमचा हात धरू शकत नाही, तुमचे आकडे हीच त्याची तपासणी, आणि घरी बीपी बघताना बहुतेक जण गडबड करतात. चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. पट्टा शर्टाच्या बाहीवर नाही, उघड्या दंडावर, आणि हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या, सकाळी आणि संध्याकाळी, कॉलच्या आधी आठवडाभर. जास्त आलं तेही लिहा, खोडू नका! घरचं ॲव्हरेज 135/85 किंवा त्याच्या वर असेल तर त्यावर डॉक्टरशी बोलणं होतंच.

शुगर लिहिताना नुसता आकडा नको, उपाशी की जेवणानंतर ते पण लिहा. 70 च्या खाली गेली तर कॉलची वाट बघायची नाही, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं, त्याच दिवशी कळवा. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं आणि नेलपॉलिश नको.

प्रत्यक्ष कॉलला उजेड तोंडावर येईल असं बसा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारा, नाहीतर तो फोन ठेवल्यावर आठवतो. शेवटी डॉक्टरने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, गोंधळ तिथेच कळतो. पुढचे आकडे कुणाला, कधी पाठवायचे तेही विचारून ठेवा.

झोप, मूड, एकटेपणा हे विषय डॉक्टरने काढले नाहीत तर तुम्ही काढा. लांबलेल्या आजारात डिप्रेशन बरंच दिसतं आणि त्यात औषधं चुकतात, चालणं बंद होतं, शुगर हलते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली आहे, ती मागून घ्या. काउन्सेलिंग व्हिडिओवर चांगलं जमतं, फक्त खोलीचं दार बंद हवं.

काही गोष्टींना मात्र जावंच लागतं. डायबेटीसमधे डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी साधारण वर्षातून एकदा, शिवाय रक्त-लघवीच्या टेस्ट. आणि छातीत दाब, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर ॲप उघडत बसू नका, सरळ अँब्युलन्स बोलवा. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, कारण स्ट्रोकमधे गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.