स्वस्त तिकीट काढण्याआधी: परदेशात नव्याने आलेल्यांसाठी

परदेशातलं पहिलं वर्ष खर्चाचंच असतं. अशा वेळी घरी जायचं तिकीट शोधताना आधी आकड्याकडेच लक्ष जातं, त्यात काही चूक नाही. पण इतकी वर्षं बाहेर काढल्यावर आणि नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना तिकिटं काढायला मदत केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: भाड्यात वाचवलेले पैसे नियमांत जातात. म्हणून किंमत बघण्याआधी त्या पैशांत बॅगा किती, तारीख बदलता येते का आणि रद्द केलं तर हातात काय येतं, एवढं वाचाच.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो सुट्या तिकिटांचा. स्वस्त तिकिटं दाखवणाऱ्या साइट्स अनेकदा दोन एअरलाइनची दोन वेगळी तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखा दाखवतात. कुठेतरी बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. म्हणजे मधल्या विमानतळावर तुमची बॅग आपोआप पुढच्या विमानात जाणार नाही. ती घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यायचं, त्यासाठी बहुतेक वेळा त्या देशाचा व्हिसा हवा. मग कस्टम्स, पुन्हा चेक-इनची रांग, पुन्हा सिक्युरिटी. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. ते तिकीट बुडालं, आणि नवीन काढायचं ते त्या दिवशीच्या भावाने.

पुष्कळांची गाडी तर त्याही आधी अडते, निघतानाच्या काउंटरवर. समोरचा कर्मचारी पासपोर्ट चाळतो, मधल्या देशाचा व्हिसा कुठे आहे विचारतो, आणि नसेल तर बोर्डिंग पास देत नाही. तिथे वाद घालून काही होत नाही, कारण अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर दंड एअरलाइनला भरावा लागतो आणि त्याला परत आणायची जबाबदारीही तिच्यावरच येते. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकल्यावर तुम्हाला मुक्कामी पोचवणं एअरलाइनकडे असतं. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्या, असंच मी सांगेन.

एकच बुकिंग असलं तरी दोन ठिकाणी जपून. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, त्यामुळे व्हिसा किंवा व्हिसामाफीची परवानगी लागतेच. आणि युरोपात शेंगेनमधल्या (म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटातल्या) दोन विमानतळांवर विमान बदलायचं असेल, तर पहिल्याच ठिकाणी तुमचा शेंगेनमध्ये प्रवेश होतो. तिथे विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा चालत नाही.

आता तिकीट कुठून काढायचं. तुलना हवी तितक्या साइट्सवर करा, पण पैसे शक्यतो एअरलाइनच्याच साइटवर भरा. मधल्या एजंटकडून काढलं की बदल किंवा रिफंडची वेळ आल्यावर एअरलाइन म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो एअरलाइनला विचारा. भावात खूप फरक आहे म्हणून एजंटकडून घेतलंच, तर त्याच दिवशी सहा अक्षरी पीएनआर टाकून एअरलाइनच्या साइटवर बुकिंग उघडून बघा. तिथे तेरा आकडी ई-तिकीट नंबर दिसला पाहिजे. नुसता पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवली आहे. तिकीट निघालेलं असतंच असं नाही. नावाचं स्पेलिंगही तेव्हाच पासपोर्टशी ताडून बघा. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचं तिकीट एअरलाइनकडून थेट, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं असेल, तर 24 तासांच्या आत ते फुकट रद्द करता येतं किंवा तोवर पैसे न भरता भाव धरून ठेवता येतो. यातलं काय द्यायचं ते एअरलाइन ठरवते.

पैसे भरताना साइटने ‘तुमच्या चलनात भरायचे का’ असं विचारलं तर नको म्हणा. त्या सोयीचा विनिमय दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

परतीच्या तिकिटाचा पहिला टप्पा सोडून पुढचा वापरायचा बेत असेल तर तो डोक्यातून काढून टाका. पहिला टप्पा उडवला की उरलेलं सगळं तिकीट सहसा आपोआप रद्द होतं.

सामानाबद्दल थोडक्यात. काही तिकिटांवर बॅगांची संख्या मोजतात, काहींवर एकूण वजन. आपलं कुठलं ते ई-तिकिटावर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी एक बॅग 32 किलोच्या वर घेतच नाहीत, जादा पैसे दिले तरी. जास्तीची बॅग लागणार असेल तर ऑनलाइन आधीच भरा, काउंटरवर ती महाग पडते. पॉवर बँक कायम केबिन बॅगेत ठेवा. मर्यादा 100 वॉट-अवरची आहे. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 वॉट-अवरची भरते, म्हणजे चालते. द्रवपदार्थांच्या 100 मिलीच्या नियमात बाटलीचा आकार धरतात. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी थोडंसंच उरलं असलं तरी ती काढून घेतात. काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, पण परतताना तुम्ही दुसऱ्या विमानतळावरून निघणार आहात हे लक्षात असू द्या.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी तिथल्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा आणि पीआयआर नंबर (म्हणजे त्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घेतल्याशिवाय हलू नका. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार फुटक्या-तुटक्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा, ते पैसे मागता येतात. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला, आणि युनियनच्या एअरलाइनने तिथे येणाऱ्या विमानाला, 2004 चा 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण एअरलाइनच्या हातातलं असेल, तर अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाई असते. एअरलाइन ती बहुधा आपणहून देत नाही, अर्ज करावा लागतो. विमान रद्द झाल्यावर व्हाउचर पुढे केलं तर घाईने हो म्हणू नका. रोख रिफंडचा हक्क असतो तिथे तोच मागा.

निघण्याआधी आपलं निवास परवान्याचं कार्ड परत येईपर्यंत वैध आहे का ते बघा. नूतनीकरण अडकलेलं असताना देशाबाहेर पडलात तर परत येणं अवघड होऊन बसतं, आणि ते कुठल्याही तिकिटापेक्षा महाग पडतं. बरोबर लहान मूल असेल आणि प्रवासाच्या मध्येच त्याला दोन वर्षं पूर्ण होत असतील, तर परतीला त्याची स्वतंत्र जागा घ्यावी लागते. हे तिकीट काढतानाच सांगा.

आईवडील पहिल्यांदा एकटे येणार असतील आणि चालणं किंवा लांब रांगेत उभं राहणं त्यांना झेपत नसेल, तर व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. तिचे पैसे पडत नाहीत, फक्त किमान 48 तास आधी एअरलाइनला कळवा. एका कागदावर पुढच्या विमानाचा नंबर, तुमचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहून तो पासपोर्टात ठेवायला सांगा. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद कुणालाही दाखवता येतो.