आर्केड कॅबिनेटच्या कंट्रोल पॅनेलचे वायरिंग

घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटचे (व्हिडिओ गेम खेळण्याच्या उभ्या कपाटाचे) सुतारकाम आणि रंगकाम सर्वांच्या नजरेत भरते, परंतु खेळताना ते कसे साथ देईल हे पॅनेलच्या पोटातील वायरिंगवर ठरते. हे काम अवघड नसले तरी चिकाटीचे आहे. एका खेळाडूसाठी जॉयस्टिकचे चार आणि बटणांचे आठ असे बारा स्विच धरले, तर प्रत्येक स्विचला दोनच वायरी लागतात: एक त्या स्विचची स्वतःची सिग्नल वायर आणि दुसरी सर्वांना सामाईक असलेली ग्राउंडची.

प्रथम स्विच ओळखावा. बटण उलटे करून उजेडात धरले की मायक्रोस्विचच्या अंगावर बारीक अक्षरांत सीओएम (सामाईक), एनओ (बटण दाबल्यावरच जोडले जाणारे) आणि एनसी (एरवी जोडलेले) अशी टर्मिनलची नावे दिसतात. ग्राउंड सीओएमला आणि सिग्नल एनओला जोडावा. एनसी मोकळे ठेवावे. चुकून एनसीला वायर लावली, तर संगणकाला ते बटण सतत दाबलेलेच दिसते आणि दाबल्यावर सुटल्यासारखे वाटते. दोनच टर्मिनल असलेल्या बटणात कोणती वायर कुठे लावली याने फरक पडत नाही.

या स्विचमधून अत्यल्प करंट वाहतो, त्यामुळे 22 गेजची वायर पुरेशी आहे. मात्र ती अनेक बारीक तारांची, लवचिक असावी, कारण एकसंध तार पॅनेलच्या हादऱ्यांनी कालांतराने तुटते. टर्मिनलवर सरकवायचे लग (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या चिमट्या) प्रामुख्याने 2.8, 4.75 आणि 6.3 मिमी रुंदीचे असतात, म्हणून खरेदीपूर्वी टर्मिनल मोजून घ्यावे. वायर थेट सोल्डर करण्याचा मोह टाळावा: उष्णतेने स्विचचे प्लास्टिक मऊ पडते आणि पुढे बिघडलेले बटण बदलणे जिकिरीचे होते. क्रिम्पिंग केल्यावर, म्हणजे लग पकडीने वायरीवर दाबून बसवल्यावर, प्रत्येक लग बोटांनी जोरात ओढून पाहावा. जो निसटतो तो आताच निसटलेला बरा.

सर्वाधिक लक्ष ग्राउंडला द्यावे. शेजारशेजारच्या दोन स्विचमधील अंतर मोजून त्यात पाच-सहा सेंटिमीटर ढील धरावी, तेवढे काळ्या वायरीचे तुकडे कापावेत आणि लागोपाठच्या दोन तुकड्यांची टोके एकत्र पिळून एकाच लगात दाबावीत. अशी साखळी सर्व स्विचमधून फिरवून तिचे शेवटचे टोकही एन्कोडर बोर्डाच्या (बटणांचे सिग्नल संगणकाला पोहोचवणाऱ्या बोर्डाच्या) ग्राउंडला परत आणावे. माझ्या पहिल्या पॅनेलमध्ये हे टोक मी मोकळे सोडले होते. ऐन खेळात तिसऱ्या बटणाच्या लगातून पुढची वायर निसटली आणि त्यापुढची सगळी बटणे एकाच वेळी मुकी झाली. वर्तुळ पूर्ण असेल तर एका ठिकाणी साखळी तुटूनही बाकीचे स्विच चालू राहतात. मात्र त्यामुळेच एखादी तुटलेली जोडणी लपूनही राहते, म्हणून तपासणीच्या वेळी वर्तुळाचे एक टोक बोर्डापासून काढून मल्टिमीटरने साखळी सलग असल्याची खात्री करावी.

जॉयस्टिक जोडताना एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. दांडा मधल्या टेकूवर फिरत असल्याने तो वर ढकलला की पॅनेलखाली खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो आणि डावीकडे नेला की उजवीकडचा. म्हणजे ‘वर’चा सिग्नल खालच्या स्विचला लावायचा. पॅनेल उलटे ठेवून काम करताना डावे-उजवे आणखी गोंधळवते, तेव्हा दांडा हलवून टिक आवाज कोणत्या स्विचचा येतो ते पाहावे आणि लगेच चिकटपट्टीवर दिशा लिहावी.

प्रत्येक सिग्नल एन्कोडरच्या स्वतंत्र पिनला जावा. जुन्या कीबोर्डचा बोर्ड काढून वापरता येतो, पण त्याच्या मॅट्रिक्स रचनेमुळे (अनेक कळांच्या सामाईक आडव्या-उभ्या वायरींमुळे) तीन-चार बटणे एकत्र दाबल्यास एखादे दाबणे गळते किंवा भलतेच नोंदले जाते. दोघांच्या खेळात हे असह्य होते. आर्दुइनो लिओनार्डोसारखा बोर्ड यूएसबी कीबोर्ड म्हणून काम करू शकतो. त्यात अंतर्गत पुल-अप (बटण सुटे असताना पिन ठाम ‘उच्च’ पातळीवर ठेवणारा रोध) चालू ठेवावा आणि स्विचच्या थरथरीसाठी सुमारे 5 मिलिसेकंदांचा डिबाउन्स (थरथर थांबेपर्यंतची वाट) द्यावा.

बटणांत दिवे असतील तर त्यांचे वायरिंग वेगळे ठेवावे. 12 व्होल्टची वायर सिग्नल पिनला लागली तर बोर्ड जळू शकतो. विजेच्या मुख्य पुरवठ्याच्या वायरी पॅनेलपासून दूर न्याव्यात आणि पॅनेल धातूचे असल्यास त्याला अर्थिंग द्यावे.

यूएसबी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने प्रत्येक बटण दाबून बीप ऐकावी, त्यानंतरच संगणकावर तपासणी करावी. विंडोजमध्ये जॉयस्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एन्कोडरसाठी ‘जॉय डॉट सीपीएल’ ही खिडकी आहे. बिजागरीपाशी वायरींचा जुडगा पट्टीने लाकडाला बांधून पुरेशी ढील ठेवावी. शेवटी तपासणीची खिडकी उघडी ठेवूनच पॅनेल आठ-दहा वेळा उघडून मिटावे. एखादे बटण आपोआप लुकलुकले, तर त्याचा लग पुन्हा क्रिम्प करावा.